करंडक, कट्टा आणि केशरी कार्ड

आमच्या गावाला दोन नावं आहेत. सरकारी कागदावर राजगुरुनगर आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडी खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचा जन्म इथलाच, २४ ऑगस्ट १९०८ चा. त्यांचं नाव गावाला मिळालं याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. कंडक्टरलाही असणार. पण तो ओरडतो मात्र "चला खेऽऽड!" आणि आम्हीही राजगुरुनगरचं तिकीट काढून खेडलाच उतरतो. अशा दोन नावांच्या गावात राहणाऱ्याला खुलासे करायची सवय लागते. "कुठले तुम्ही?" "राजगुरुनगर." "म्हणजे?" "खेड." "कोकणातलं का?" "नाही हो, चाकणच्या पुढचं."

ही सवय मला दुसऱ्या एका बाबतीत फार उपयोगी पडली आहे. मी रणजी करंडकात महाराष्ट्राच्या संघाचा पाठीराखा आहे. आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्राचा म्हणजे मुंबईचा ना? नाही. मुंबई वेगळी. बरं मग, नागपूरकडचा? तोही नाही. विदर्भ वेगळा. मुंबई वजा केली, विदर्भ वजा केला, की जी बाकी उरते तो महाराष्ट्र. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, त्यामुळे बाकी उरते हे मला चटकन पटतं. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला खरा, पण त्या पत्राची प्रत क्रिकेटवाल्यांच्या आवक-जावकमध्ये कुठेतरी गहाळ झाली असावी.

या बाकीच्या संघावर जीव टाकणारी जी थोडी माणसं भूतलावर आहेत, त्यांतली पाच आमच्या एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसतात. पहिले पी.टी. सर. हायस्कुलातून निवृत्त झाले, पण अजून शिट्टी खिशात असते. दुसरे तात्या. हे राजकारणात आहेत, म्हणजे कोणत्याही निवडणुकीत उभे राहत नाहीत आणि कोणालाही बसू देत नाहीत. तिसरा भाचा. तो नेमका कोणाचा भाचा हे आता कोणाला आठवत नाही. चाकणच्या एका कारखान्यात तो पाळीवर जातो. चौथे कंपाउंडरकाका. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं पुड्या बांधल्या. आणि पाचवा मी, बँकेतला क्लार्क. टपरीवर मला "साहेब" म्हणतात. बँकेत म्हणत नाहीत.

आमच्या कट्ट्याचा एक नियम आहे. बोलणं क्रिकेटपासून सुरू होतं, पहिल्या चहाच्या आत दवाखान्यावर येतं आणि दुसऱ्या चहाला राजकारणात शिरतं. तिसरा चहा कोणी सांगायचा यावर सभा बरखास्त होते.

पण क्रिकेटचं आधी.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला आहे. हे वाक्य आम्ही छाती काढून म्हणतो आणि साल विचारायच्या आत चहा मागवतो. सालं आहेत १९३९-४० आणि १९४०-४१. कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर. हे गृहस्थ पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गोलंदाजांना शिकवायचे. १९४० साली मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं. आपल्या ६७५ झाल्या, मुंबईच्या ६५०. पंचवीस धावांची आघाडी! पी.टी. सर हे सांगताना अजून शिट्टीला हात घालतात. मी स्वतः आता त्याच वयाच्या जवळ आलो आहे. परवा काउंटरखाली पडलेली टाचणी उचलायला वाकलो, तर उठायला शिपायाला बोलवावं लागलं.

देवधर पुढे एकशे एक वर्षं जगले. जन्म १४ जानेवारी १८९२, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमाराचा आणि निधन २४ ऑगस्ट १९९३ ला. २४ ऑगस्ट म्हणजे आमच्या राजगुरूंचा जन्मदिवस. यातून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण पन्नास-पन्नास वर्षं करंडक न मिळालेली माणसं अशा गोष्टी गोळा करतात. तात्यांनी त्या तारखेवरून देवधर मूळचे खेडचेच असं एकदा ठरवून टाकलं होतं. मोठ्या मुश्किलीने आवरलं.

दुसरं पान १९४८ चं. डिसेंबर महिना, पुणे क्लबचं मैदान, समोर काठेवाडचा संघ. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम होता नाबाद ४५२. उरल्या दहा धावा, म्हणजे दोन षटकांचा मामला. तेवढ्यात सुट्टी झाली आणि काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. विक्रमाच्या पानावर मार खाणारे म्हणून आपली नावं नकोत, असं त्यांचं म्हणणं. विनवण्या झाल्या, पण पाहुणे सामान बांधून चालते झाले आणि निंबाळकर तिथेच उभे राहिले, ४४३ वर. त्यांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव पूर्ण व्हायचे होते. ती बातमी वाचून कंपाउंडरकाका एवढंच म्हणाले, "तिथंबी थोडक्यात राह्यलं बघा."

तिसरं पान मी काढत नाही, आपोआप निघतं. १९७०-७१ चा अंतिम सामना. समोर मुंबई, पण कसली मुंबई! वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि गावसकर नावाचा एक नवा मुलगा असे सगळे वेस्ट इंडीजला गेलेले. राहिलेल्यांचे कप्तान सुधीर नाईक. आपल्याकडे साक्षात चंदू बोर्डे. घरातली मोठी माणसं लग्नाला गेलीत आणि दाराला नुसती कडी आहे, इतकी सोपी गोष्ट. आपण ४८ धावांनी हरलो. माझा जन्मही तेव्हा व्हायचा होता, तरी ही हार मला काल झाल्यासारखी आठवते. वडिलोपार्जित जमीन नसली तरी माणसाला वडिलोपार्जित दुःख असू शकतं. १९९२-९३ ला पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि लुधियान्यात पंजाबकडून हरलो. तेव्हा मी शाळेत होतो. ते दुःख मात्र स्वकष्टार्जित.

आता दवाखाना आणि राजकारण. क्रिकेटवाल्यांनी यात कशाला पडावं असं आमच्या घरी नेहमी विचारलं जातं. मी इतिहासाचा आधार देतो. आमच्या या टापूत ह्या तिन्ही गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रोग्यांना हुडकायला गोरे शिपाई घरात, देवघरात शिरायला लागले. कारण आरोग्याचं, पण त्यातून जे राजकारण पेटलं त्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू आमच्या शेजारच्या चिंचवडचे. त्याच काळात पुण्याच्या जिमखान्यावर पळवणकर बाळू नावाचा एक तरुण महिना चार रुपयांवर गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत होता. हिंदू संघाला तो गोलंदाज म्हणून हवा होता, पण चर्मकार समाजातला म्हणून त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. त्या बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूला उभं केलं ते मुंबईत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात! बाळू थोडक्यात पडला. तात्या म्हणतात, "बघा, क्रिकेट आणि राजकारण वेगळं कुठंय?" यावर पी.टी. सर म्हणतात, "चहा तरी वेगळा ठेवू नका म्हणजे झालं." आमच्या टपरीवर पाच कप एकाच घमेल्यात विसळले जातात. स्वच्छतेच्या दृष्टीने ते वाईट आहे. बाकी सर्व दृष्टींनी चांगलं आहे.

आणखी एक नाव सांगतो. सर जोसेफ भोर. ऐकलं की साहेब वाटतात, पण जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्यात, बिशप्स शाळा आणि डेक्कन कॉलेज. १९४३ साली सरकारने यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. खिशात पैसे नाहीत म्हणून कोणाची दवापाण्यावाचून आबाळ होता कामा नये, हे त्याचं सार. तातडीने काय करावं? तर चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र काढावं. आणि पुढे सवडीने? दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटा! सवड अजून मिळालेली नाही. हे मी कट्ट्यावर वाचून दाखवलं तेव्हा तात्या म्हणाले, "भोर म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावकडचेच असणार. उगाच नाय माणसाने एवढ्या खाटा मागितल्या."

भाच्याचा मुद्दा निराळा असायचा. "माझ्या पगारातनं ई.एस.आय.चे पैसे कापतात. मी आजारी पडत नाय. मग ते जातात कुठं?" मी त्याला समजावायचो, की बाबा रे, हा कायदा १९४८ चा, निंबाळकरांच्या ४४३ च्या वर्षातला. तुझे पावणेदोन टक्के, मालकाचे पावणेपाच. तू आजारी पडत नाहीस म्हणून तुझे पैसे आजारी पडणाऱ्याच्या उपयोगी पडतात. संघातले अकराच्या अकरा गडी शतक काढत नसतात. त्यावर तो विचारायचा, "पण काका तर कुठल्याच संघात नाय. त्यांचं काय?" तेव्हा कंपाउंडरकाका हसून म्हणायचे, "आपण बारावा गडी. पाणी द्यायला."

पस्तीस वर्षं लोकांच्या औषधाच्या पुड्या बांधलेल्या या माणसाला ना ई.एस.आय., ना विमा, ना पेन्शन. होतं ते एक केशरी रेशनकार्ड आणि छातीत अधूनमधून कळ. तिला ते गॅस म्हणायचे. कंपाउंडर लोकांना स्वतःचे सगळे रोग गॅसच वाटतात.

तर जानेवारी २०१४. लोकसभेची निवडणूक तोंडावर, तात्यांचा आवाज बसलेला. खेडला विमानतळ होणार की नाही होणार यावर कट्ट्यात उभी फूट. आणि अशात आपल्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत, वानखेडेवर, मुंबईला आठ गडी राखून हरवलं! केदार जाधवने नाबाद शतक ठोकलं. पी.टी. सरांनी भर स्टँडवर शिट्टी फुंकली आणि नारायणगावची गाडी थांबली. मग बंगालला हरवलं. अंतिम सामना हैदराबादला, २९ जानेवारीपासून, कर्नाटकाशी. त्रेसष्ट साली जन्मलेले काका म्हणाले, "आपल्या हयातीत एकदा बघायचाय करंडक. मग खुशाल जाऊ."

असं बोलू नये माणसाने.

आपण ३०५ केल्या. कर्नाटकाने ५१५. डोक्यावर २१० चं ओझं घेऊन आपण पुन्हा खेळत होतो. शनिवार, १ फेब्रुवारी. तेव्हा बँकेला दर शनिवारी अर्धा दिवस असायचा, त्यामुळे मी टपरीवर पोहोचलो होतो. एक विकेट पडली. भाच्याने मोबाइलवर पाहून सांगितली. काकांनी कप खाली ठेवला आणि डाव्या हाताने दंड दाबला. पी.टी. सर म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका." काका काही बोलले नाहीत. कपाळावर घाम होता. फेब्रुवारीतला घाम.

पुढचा दीड तास मला सलग आठवत नाही. तात्यांची जीप. चाकणच्या चौकातली गर्दी. तात्यांनी आयुष्यभर ज्यांच्याशी भांडणं केली त्या सगळ्यांना फोन करून रस्ता मागितला. पी.टी. सरांची शिट्टी आयुष्यात प्रथमच खऱ्या कामाला आली, ती चाकणच्या चौकात. मागच्या सीटवर काकू काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत लसणाच्या चटणीची बाटली आणि रेशनकार्ड होतं. घाईत जे हाताला लागलं ते घेतलं होतं त्यांनी.

पुण्यातल्या त्या इस्पितळाचं नाव मी सांगत नाही. डॉक्टरांनी काकांना तपासलं, आत घेतलं आणि सांगितलं, की अँजिओप्लास्टी करावी लागेल. मग एक मुलगा येऊन आकडा सांगून गेला. आकडा ऐकून आमच्यातलं कोणीच कोणाकडे पाहिना. मी बँकेत रोज लाखांच्या रकमा मोजतो, पण त्या दुसऱ्याच्या असल्याने हाताला जड लागत नाहीत. भाच्याने घड्याळ काढायला घेतलं. ते घड्याळ तीनशे रुपयांचं होतं.

आणि भिंतीवर एक फलक होता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात, म्हणजे आमच्या पुणे जिल्ह्यातही, आली होती. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७१ प्रकारचे, एक पैसा न भरता. अडीच महिने आम्ही कट्ट्यावर या योजनेची चिरफाड करत होतो. तात्या म्हणायचे, निवडणुकीची पुडी. सर म्हणायचे, खाजगी दवाखान्यांची सोय, सरकारी दवाखाने सुधारा ना! भाचा म्हणायचा, आमचे कापतात आणि यांना फुकट. मुद्दे सगळे बरोबर होते. पण काकू लसणाच्या चटणीखालून केशरी कार्ड काढत होत्या, तेव्हा तिघांपैकी एकालाही आपला मुद्दा आठवला नाही.

खिडकीत आरोग्यमित्र म्हणून एक मुलगी बसली होती. तिने कार्ड पाहिलं, तात्यांनी जाऊन आणलेलं मतदार ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाली, "नावं जुळत नाहीत." काकांनी रेशनकार्डावर आपलं घरातलं नाव दिलं होतं आणि मतदार यादीत पाळण्यातलं. दोन नावांच्या गावातला दोन नावांचा माणूस! तात्या तावातावाने पुढे झाले. ती म्हणाली, "काका, मला जुळवून द्यायचंय हो, पण दोन्ही नावं असलेला एक तरी कागद द्या."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना थोडा संकोच वाटतो. सात-आठ वर्षांपूर्वी काका आमच्या शाखेत खातं काढायला आले होते. तेव्हा मी नेहमीप्रमाणे खोडा घातला होता. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, असं चालणार नाही. त्यांना तीन हेलपाटे घालायला लावून मी पासबुकावर दोन्ही नावं मध्ये "उर्फ" घालून लिहिली, फोटो चिकटवला आणि शिक्का असा मारला, की निम्मा फोटोवर आणि निम्मा कागदावर. काका महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. कट्ट्यावर मला "उर्फसाहेब" म्हणायचे. माझ्या नोकरीत मी जी हजारो माणसं पिडली, त्यांतलं हे एक पिडणं त्या दिवशी कामी आलं. पासबुक आलं. मुलीने "उर्फ"वर बोट ठेवलं, मान डोलावली आणि फोन उचलला. दोन अक्षरं. त्यांतलंही एक अर्धं.

काकांचं सगळं नीट झालं. रविवारी दुपारी आम्हांला एकेकाला आत सोडलं. आधी बाहेर गुप्त बैठक झाली. आपण सकाळी ३६६ वर आटोपलो होतो आणि कर्नाटकाने १५७ चं लक्ष्य तीन गडी गमावून गाठलं होतं. हे सांगायचं कसं? डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का नको. शेवटी पावसाने सामना थांबला असं सांगायचं ठरलं. आत मीच गेलो. काकांनी डोळे उघडून पहिला प्रश्न तोच विचारला. मी म्हटलं, "पाऊस आला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "हैदराबादला? फेब्रुवारीत?"

मी गप्प.

"किती गडी राखून?" काकांनी विचारलं.

"सात."

"जाऊ द्या," काका म्हणाले. "पुढच्या साली. आता जागा केलीय आत रक्ताला."

त्याला आता बरीच वर्षं झाली. विमानतळ २०१६ साली पुरंदरकडे गेला, म्हणजे कागदावर गेला. योजनेचं नाव २०१७ साली महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ साली केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत आली. २०२३ साली राज्य सरकारने सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना, पांढऱ्या कार्डासकट, पाच लाखांपर्यंत योजना लागू करायचं ठरवलं. कट्ट्यावर वाद आहेतच. खाटा वाढल्या का, तालुक्याला डॉक्टर मिळतो का, भोरसाहेबांचा हिशेब कधी पुरा होणार. मुद्दे अजून सगळे बरोबर आहेत. फक्त आता वाद घालताना तात्या मधेच काकांकडे बघतात आणि आवाज जरा उतरवतात.

करंडक? विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा नेला. मुंबईचे बेचाळीस झाले. एवढंच काय, सामान बांधून पळालेल्या त्या काठेवाडच्या वारसांनी, सौराष्ट्राने, २०१९-२० आणि २०२२-२३ असा दोनदा जिंकला. आम्ही १९४०-४१ वरच नाबाद आहोत.

काका रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत चालत येतात. गोळी घेतात, बिनसाखरेचा चहा घेतात आणि म्हणतात, "करंडक बघितल्याबिगर आपण काय जात नाय." पी.टी. सर टाळी देतात. भाचा मोबाइलवर स्कोअर काढतो. आणि मी, महाराष्ट्राच्या संघाचा इतक्या वर्षांचा निष्ठावंत पाठीराखा, मनातल्या मनात एक अत्यंत देशद्रोही प्रार्थना करतो, की एवढी घाई नाही म्हणून.